नुसतं बघितलं आणि ऑर्डर रद्द झाली : एपीआय व्ह्यूमध्ये गेट, पोस्ट, पुट, पॅच आणि डिलीट कसे हाताळायचे

२०२४ सालची गोष्ट. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. चार दिवस आधी सकाळी पेणच्या एका गणपती कारखान्यात फोन वाजला. पलीकडे रोह्याचे एक निवृत्त गुरुजी होते. "टेम्पो आलाय, पण आमची मूर्ती त्यात नाही म्हणतो ड्रायव्हर." कारखान्याच्या काकांनी संगणकावर ऑर्डर उघडली. समोर लाल अक्षरात 'रद्द'. गुरुजींची चौदा इंची शाडूची मूर्ती दोन दिवसांपूर्वी दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेली होती.

ऑर्डर नोंदवायची ती यंत्रणा मी लिहिली होती. पायथन, जँगो आणि जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरून. काकांनी मला विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या क्षणाला उत्तर दिलं, "त्यांच्याकडूनच चुकून रद्दचं बटण दाबलं गेलं असणार." गुरुजी म्हणाले, "अरे बाळा, मी काही दाबलंच नाही." मी विश्वास ठेवला नाही.

गुरुजी खरं बोलत होते. चूक माझ्या एका व्ह्यूमध्ये होती, आणि ती फक्त एका ओळीची होती. आज तीच चूक समोर ठेवून आपण बघू, की वेब एपीआयच्या एकाच व्ह्यूमध्ये वेगवेगळ्या रिक्वेस्ट मेथड कशा हाताळायच्या, आणि कोणती मेथड कुठे वापरायची हे आवडीनिवडीवर का सोडता येत नाही. उदाहरणं जँगो रेस्ट फ्रेमवर्कची आहेत, पण मुद्दा कुठल्याही भाषेत तोच लागू पडतो.

मेथड म्हणजे काय?

ब्राउझर किंवा अ‍ॅप सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवतं तेव्हा त्यात दोन गोष्टी सगळ्यात आधी येतात : पत्ता आणि मेथड. पत्ता सांगतो 'कशाबद्दल', मेथड सांगते 'काय करायचं'. '/ऑर्डर/२१७/' हा पत्ता झाला. त्या ऑर्डरची माहिती हवी, ती बदलायची, की रद्द करायची, हे मेथडवरून ठरतं.

गणपतीच्या कारखान्यात उभं राहून बघितलं तर हे पटकन कळतं. कोकणात मूर्ती सांगायची पद्धत अशी, की गिऱ्हाईक आधी आपला पाट कारखान्यात नेऊन देतं. काका वहीत नोंद करतात आणि मूर्तीला नावाची चिठ्ठी लावतात.

- मूर्ती कुठवर आली ते बघून जाणं म्हणजे गेट.
- नवीन पाट देऊन ऑर्डर नोंदवणं म्हणजे पोस्ट.
- "आधीचं सगळं खोडा, ही नवी नोंद पूर्ण लिहा" म्हणजे पुट.
- "बाकी तसंच राहू दे, फक्त शेला केशरी करा" म्हणजे पॅच.
- "यंदा मूर्ती नको" म्हणजे डिलीट.

पहिल्या ओळीकडे नीट बघा. चतुर्थीच्या आधी महिनाभर कारखान्यात नुसती बघायला येणाऱ्यांची रीघ असते. शाळेतली पोरं येतात, मुंबईचे पाहुणे येतात, शेजारी येतात. कोणी कितीही वेळा बघितलं तरी मूर्तीवरची चिठ्ठी गळून पडत नाही. माझ्या यंत्रणेत मात्र नेमकी तशी चिठ्ठी गळून पडत होती.

मी काय लिहिलं होतं

ऑर्डर नोंदली की गिऱ्हाइकाला एक एसएमएस जायचा : ऑर्डर क्रमांक, मूर्तीची उंची, आणि शेवटी "रद्द करायची असल्यास" म्हणून एक लिंक. त्या लिंकमागचा व्ह्यू साधारण असा होता. (कोडमधली नावं इंग्रजीत असतात. इथे फक्त मांडणी दाखवायची आहे म्हणून ती मराठीत लिहितो.)

@एपीआय_व्ह्यू()
फंक्शन ऑर्डर_रद्द(रिक्वेस्ट, क्रमांक):
    ऑर्डर = क्रमांकावरून शोधा
    ऑर्डरची स्थिती = 'रद्द'
    ऑर्डर सेव्ह करा
    उत्तर द्या: "ऑर्डर रद्द झाली"

पहिल्या ओळीतला तो कंस रिकामा आहे. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये हा डेकोरेटर मेथडची यादी न देता लावला, तर व्ह्यू फक्त गेट स्वीकारतो. मी लिंक ब्राउझरमध्ये चिकटवली, एंटर दाबलं, ऑर्डर रद्द झाली. चाललं! खूश होऊन मी पुढच्या कामाला लागलो.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून जाणारी रिक्वेस्ट नेहमी गेट असते. म्हणजे माझी चाचणी पास झाली ती चुकीच्या कारणाने.

मग ऑर्डर कोणी रद्द केली?

दुपारी सर्व्हरचा लॉग उघडला. २९ ऑगस्टच्या रात्री गुरुजींच्या रद्द लिंकवर एकच गेट रिक्वेस्ट आली होती. रिक्वेस्टसोबत 'युजर एजंट' नावाचं हेडर येतं, म्हणजे विचारणा करणाऱ्या प्रोग्रॅमची ओळख. तिथे ब्राउझरचं नाव नव्हतं. एका मेसेजिंग अ‍ॅपचं होतं.

गुरुजींना फोन केला. "२९ तारखेला रात्री तुम्ही तो एसएमएस कुणाला पाठवलात का?" ते म्हणाले, "हो, घरच्या ग्रुपवर टाकला की. मुलगा पुण्याला असतो, ऑर्डरचा नंबर त्याच्याकडेही असावा म्हणून."

सगळं कळलं. मेसेजमध्ये लिंक चिकटवली की अशी अ‍ॅप त्या पानाचं शीर्षक आणि चित्र दाखवण्यासाठी स्वतःच लिंकवर जाऊन येतात. माणसाने लिंकला बोटही लावलेलं नसतं. अ‍ॅपने गेट पाठवला, कारण गेट म्हणजे 'नुसतं बघणं', त्याने काही बिघडत नाही, असा सगळ्या वेबचा समज आहे. तो समज माझ्या व्ह्यूने मोडला. सकाळी कारखान्यातल्या पोराने 'रद्द' यादी बघून चिठ्ठी काढली आणि मूर्ती मोकळी झाली.

त्या हंगामात अशा एकूण सहा ऑर्डरी सापडल्या. पाच मूर्ती नशिबाने अजून कारखान्यातच होत्या.

ही चूक करणारा मी पहिला नव्हतो. २००५ साली गूगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' नावाचा प्रोग्रॅम आणला होता. पानं लवकर उघडावीत म्हणून तो पानावरच्या लिंक आधीच आणून ठेवायचा. काही वेब अ‍ॅपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती. या प्रोग्रॅमने त्याही लिंक उघडल्या आणि लोकांचा डेटा उडाला. शोध यंत्रांचे बॉट, मेलमधल्या लिंक तपासणारी सुरक्षा यंत्रणा, लिंकचं पूर्वदर्शन दाखवणारी अ‍ॅप, हे सगळे गेट पाठवतात आणि कुणालाही न विचारता पाठवतात.

नियम कुठे लिहिलेत?

१९९१ च्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीमध्ये गेट ही एकच मेथड होती. १९९६ च्या १.० आवृत्तीत हेड आणि पोस्ट रीतसर आले. पुट आणि डिलीट १.१ आवृत्तीत पक्के झाले. पॅचची व्याख्या २०१० मध्ये वेगळ्या दस्तऐवजात झाली. आजचे मूळ नियम जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहेत. त्यातले दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

पहिला शब्द सुरक्षित. जी मेथड पाठवणारा फक्त वाचायला आलेला असतो ती सुरक्षित. गेट, हेड, ऑप्शन्स या त्यातल्या. सर्व्हरने लॉगमध्ये नोंद केली तर हरकत नाही, पण पाठवणाऱ्याने न मागितलेला बदल होता कामा नये.

दुसरा शब्द पुनरावर्तनीय. तीच रिक्वेस्ट एकदा पाठवा की पाच वेळा, सर्व्हरवरचा शेवटचा परिणाम सारखाच. सुरक्षित मेथड तर अशा असतातच, शिवाय पुट आणि डिलीटही तशाच. ऑर्डर रद्द करा असं तीनदा सांगितलं तरी ती एकदाच रद्द राहते. उत्तर वेगळं येऊ शकतं, पहिल्यांदा २०४ आणि नंतर ४०४, पण परिणाम तोच. पोस्ट मात्र तसा नाही. तीनदा पोस्ट म्हणजे तीन ऑर्डरी.

फ्रेमवर्क या दोन्ही गोष्टी तुमच्यासाठी पाळत नाही. गेटच्या आत डेटाबेस बदलणारा कोड लिहिला तर जँगो तक्रार करणार नाही. उलट तो तुमच्यावर विश्वास ठेवून चालतो. जँगोचं सीएसआरएफ संरक्षण गेटला तपासतच नाही. म्हणजे गेटमध्ये बदल करणारा कोड ठेवला, की ते कुंपणही गेलं.

दुरुस्त व्ह्यू

मी पत्ते दोनच ठेवले. '/ऑर्डर/' म्हणजे अख्खी वही आणि '/ऑर्डर/क्रमांक/' म्हणजे वहीतली एक नोंद. 'रद्द', 'बदला', 'दाखवा' अशी क्रियापदं पत्त्यातून काढून टाकली, कारण क्रिया सांगायचं काम मेथडचं आहे. एका नोंदीचा व्ह्यू असा झाला :

@एपीआय_व्ह्यू(['गेट', 'पॅच', 'डिलीट'])
फंक्शन ऑर्डर_तपशील(रिक्वेस्ट, क्रमांक):
    ऑर्डर = शोधा, नसेल तर ४०४

    जर रिक्वेस्ट.मेथड 'गेट' असेल:
        ऑर्डरची माहिती द्या (२००)

    जर रिक्वेस्ट.मेथड 'पॅच' असेल:
        रिक्वेस्ट.डेटा तपासा, चूक असेल तर ४००
        दिलेली फील्डं तेवढी बदला, सेव्ह करा (२००)

    जर रिक्वेस्ट.मेथड 'डिलीट' असेल:
        मूर्ती रवाना झाली असेल तर ४०९
        स्थिती 'रद्द' करा (२०४)

यातल्या काही गोष्टी जरा सावकाश बघू.

*मेथडची यादी स्वतः लिहा.* एकच मेथड असली तरी लिहा. यादीबाहेरची मेथड आली की फ्रेमवर्क आपोआप ४०५ पाठवतं, म्हणजे 'या पत्त्यावर ही मेथड चालत नाही'. सोबत 'अलाउ' हेडरमध्ये काय चालतं तेही सांगतं. ४०४ वेगळा, तिथे पत्ताच सापडलेला नसतो. ४०३ वेगळा, तिथे तुम्हाला परवानगी नसते. आपल्या व्ह्यूकडून ४०५ येताना दिसला तर घाबरू नका. दार बंद आहे, ते बंदच असायला हवं होतं.

*डिलीट म्हणजे ओळ पुसणं नव्हे.* काकांना आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून डेटाबेसमधली ओळ राहते, स्थिती बदलते. बाहेरून बघणाऱ्याच्या दृष्टीने ऑर्डर गेली, एवढं डिलीटला पुरे.

*४०९ कशासाठी?* टेम्पो नागोठण्याच्या पुढे गेल्यावर "रद्द करा" म्हणून चालत नाही. रिक्वेस्ट नीट लिहिलेली आहे, पण वस्तूची आत्ताची स्थिती तिच्या आड येते, हे ४०९ सांगतो.

*पॅचमध्ये काय बदलता येतं ते ठरवा.* आधी मी सगळीच फील्डं उघडी ठेवली होती. म्हणजे एखादा गिऱ्हाईक शेल्याच्या रंगासोबत किंमतही बदलू शकला असता! किंमत, स्थिती आणि आगाऊ रक्कम ही फील्डं सिरिअलायझरमध्ये 'फक्त वाचण्यासाठी' करून टाका.

आणि एसएमएसमधल्या लिंकचं काय? ती लिंक आता फक्त ऑर्डर दाखवणारं पान उघडते. त्या पानावर 'रद्द करा' बटण आहे, ते दाबलं की खात्री विचारली जाते आणि मगच जावास्क्रिप्ट डिलीट पाठवते. जावास्क्रिप्ट नको असेल तर पोस्ट करणारा साधा फॉर्म ठेवा. एचटीएमएलच्या फॉर्मला गेट आणि पोस्ट या दोनच मेथड येतात, पण बदल करायला पोस्ट चालतो. लिंकमध्ये २१७ सारखा क्रमांकही ठेवू नका, २१८ टाकून दुसऱ्याची ऑर्डर उघडता येते. लांबलचक यादृच्छिक टोकन ठेवा. आणि ऑर्डर रद्द झाली की गिऱ्हाइकाला ताबडतोब कळवा. मी तेही करत नव्हतो. केलं असतं तर गुरुजींना २९ ऑगस्टलाच कळलं असतं.

पुट की पॅच?

इथे बरेच जण अडखळतात. पुट म्हणजे अख्खी नोंद नव्याने देणं. पॅच म्हणजे बदललेला भाग तेवढा देणं.

समजा ऑर्डरमध्ये उंची, रंग, पत्ता आणि 'सूचना' अशी चार फील्डं आहेत. अ‍ॅपने पुटमध्ये फक्त रंग पाठवला, तर आवश्यक फील्डं नाहीत म्हणून ४०० येईल. हे बरं, निदान चूक दिसते तरी. पण सिरिअलायझरमध्ये 'सूचना'ला डिफॉल्ट म्हणून रिकामी जागा दिलेली असेल, तर "सोंड उजवी हवी" ही सूचना गुपचूप पुसली जाईल. पॅच हाताळताना सिरिअलायझरला 'पार्शल' चालू करून द्यावं लागतं, मग न आलेल्या फील्डांना तो हात लावत नाही.

पॅच पुनरावर्तनीय असेलच असं नाही, ते तुमच्या मांडणीवर आहे. "उंची १४ इंच करा" हे दोनदा आलं तरी बिघडत नाही. "उंची २ इंचांनी वाढवा" दोनदा आलं तर मूर्ती मखरात मावणार नाही. शक्यतो पहिल्या प्रकाराने लिहा.

आमच्या कामात कुणीच अख्खी नोंद बदलत नाही, म्हणून मी पुट ठेवलाच नाही. लागत नसलेली मेथड उघडी ठेवू नका. विशेषतः मॉडेल व्ह्यूसेट वापरत असाल तर सांभाळा. तो यादी, नवीन, बदल, काढणं हे सगळंच एका झटक्यात उघडून देतो.

कासू ते नागोठणे : पोस्ट दोनदा गेला तर?

पुढच्या वर्षी दुसरा धडा मिळाला. रोह्याचा एक व्यापारी पेणहून कच्च्या मूर्ती नेतो आणि रंगकाम स्वतः करतो. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसून त्याने अ‍ॅपवरून ४० मूर्ती नोंदवल्या. गाडी कासू सोडून नागोठण्याकडे निघालेली, रेंज येत-जात होती. पडद्यावर गोल फिरत राहिला, उत्तर येईना. त्याने पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

तिन्ही रिक्वेस्ट सर्व्हरला पोचल्या होत्या. परत येणारं उत्तर तेवढं हरवत होतं. वहीत १२० मूर्ती! काकांना संशय आला आणि त्यांनी फोन करून विचारलं म्हणून निभावलं.

बटण एकदा दाबल्यावर बंद करणं हा अर्धाच उपाय आहे, कारण अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की बटण परत चालू होतं. पक्का उपाय सर्व्हरवर करायचा. अ‍ॅप ऑर्डरचा फॉर्म उघडतानाच एक यादृच्छिक किल्ली तयार करतं, फोनमध्ये जपून ठेवतं आणि प्रत्येक प्रयत्नात तीच किल्ली हेडरमध्ये पाठवतं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या अनेक सेवा हेच करतात.

@एपीआय_व्ह्यू(['गेट', 'पोस्ट'])
फंक्शन ऑर्डर_यादी(रिक्वेस्ट):
    जर रिक्वेस्ट.मेथड 'गेट' असेल:
        या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरींची यादी द्या (२००)

    जर रिक्वेस्ट.मेथड 'पोस्ट' असेल:
        हेडरमधून किल्ली घ्या, नसेल तर ४००
        रिक्वेस्ट.डेटा तपासा, चूक असेल तर ४००
        ऑर्डर किल्लीसह सेव्ह करून बघा
            झाली: नवी ऑर्डर द्या (२०१)
            किल्ली आधीच आहे: जुनीच ऑर्डर द्या (२००)

"आधी किल्ली शोधा, नसेल तर सेव्ह करा" असं लिहू नका. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही किल्ली सापडत नाही आणि दोन ऑर्डरी होतात. गिऱ्हाईक आणि किल्ली या जोडीवर डेटाबेसमध्येच 'युनिक' बंधन घाला. मग दुसरी सेव्ह डेटाबेसच नाकारतो, ती चूक पकडायची आणि जुनी ऑर्डर परत द्यायची. जँगोमध्ये सेव्हची ती ओळ स्वतंत्र 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉकमध्ये ठेवा, नाही तर पोस्टग्रेसमध्ये चालू ट्रान्झॅक्शन मोडतं आणि पुढची क्वेरीही चालत नाही.

शेवटची रेघ विसरलात तर

एक छोटी पण फार छळणारी गोष्ट. जँगोमध्ये पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायचा रिवाज आहे. अ‍ॅपने '/ऑर्डर/' ऐवजी '/ऑर्डर' वर पोस्ट केला तर काय होतं? डीबग चालू असेल तर जँगो सरळ एरर दाखवतो. डीबग बंद असेल, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, तर तो ३०१ देऊन रेघ असलेल्या पत्त्याकडे पाठवतो. बहुतेक क्लायंट ३०१ नंतर पोस्टचा गेट करून टाकतात आणि सोबतचा डेटा सोडून देतात.

परिणाम? ऑर्डर नोंदलीच जात नाही, उत्तर मात्र २०० येतं, कारण गेटने यादी आणून दिली. अ‍ॅप म्हणतं 'झालं', वही कोरीच. म्हणून अ‍ॅपमध्ये पोस्टनंतर नुसतं 'यशस्वी' बघू नका. २०१ आला का, किंवा उत्तरात ऑर्डर क्रमांक आहे का, ते तपासा.

इफची शिडी की क्लास?

दोन-तीन मेथड असतील तर वर दाखवलेली फंक्शनची पद्धत छान वाचता येते. प्रत्येक मेथडचा कोड वीस-पंचवीस ओळींच्या पुढे गेला, की 'एपीआय व्ह्यू' क्लास घ्या. त्यात गेट, पोस्ट, पॅच, डिलीट या नावांची वेगवेगळी फंक्शनं लिहायची. जे नाव लिहिलं नाही, ती मेथड ४०५. गेट लिहिला की हेड आपोआप चालतो. ऑप्शन्सचं उत्तरही फ्रेमवर्क देतं.

परवानगीही मेथडप्रमाणे वेगळी असू शकते. 'लॉगिन असेल तर सगळं, नाही तर फक्त वाचन' अशी तयार परवानगी जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये आहे. पण तीही हाच हिशेब धरून चालते, की गेट, हेड आणि ऑप्शन्स सुरक्षित आहेत. तुमचा गेट खोटं बोलत असेल तर ही परवानगीही फसते.

प्रत्येक व्ह्यूसाठी पाच चाचण्या

आता मी कुठलाही व्ह्यू सोडण्याआधी एवढं तपासतो :

१. गेट दहा वेळा पाठवला. डेटाबेसमध्ये काही बदललं का? बदलता कामा नये.
२. यादीबाहेरची प्रत्येक मेथड पाठवली. ४०५ आला का?
३. तोच पोस्ट त्याच किल्लीने दोनदा पाठवला. ऑर्डर एकच झाली का?
४. डिलीट दोनदा पाठवला. दुसऱ्यांदा सर्व्हर कोसळला तर नाही ना?
५. पॅचमध्ये किंमत आणि स्थिती घुसवून बघितली. त्या जशाच्या तशा राहिल्या का?

ब्राउझरच्या पट्टीतून या चाचण्या होत नाहीत, तिथून फक्त गेट जातो. फ्रेमवर्कचा टेस्ट क्लायंट किंवा कर्ल वापरा. आणि लॉगमध्ये पत्त्याबरोबर मेथड आणि युजर एजंट नोंदवत चला. त्या दोन गोष्टी लॉगमध्ये नसत्या तर मी आजही गुरुजींनाच दोष देत बसलो असतो.

मूर्तीचं काय झालं?

कारखान्यात त्याच मापाची एक कच्ची शाडूची मूर्ती शिल्लक होती. काका आणि काकी दोन रात्री रंगकामाला बसले, डोळ्यांची आखणी काकांनी स्वतः केली. ५ तारखेला ती मूर्ती मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसलो. नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला. गुरुजींना लॉगचा कागद दाखवला आणि सांगितलं, "तुम्ही काहीच दाबलं नव्हतं. चूक माझी होती, आणि वर मी तुम्हालाच खोटं ठरवलं." त्यांनी कागद उलटसुलट बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे नुसतं बघितल्याने रद्द झाली? असं कसं रे लिहितोस?"

तुमच्या कोडमध्ये आज एवढं शोधा : जिथे सेव्ह, अपडेट किंवा डिलीट होतंय, त्या व्ह्यूच्या यादीत गेट आहे का, आणि असेल तर तो कोड गेटच्या फांदीत तर नाही ना. रिकामा कंस दिसला तर तोही भरून टाका.